विटांची भट्टी आणि धुराची वाट



मंडळाच्या पंचविसाव्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत भट्टीविषयी कोणीतरी लिहावे असे ठरले आणि ते काम माझ्याकडे आले. माझे शिक्षण इयत्ता सातवीपर्यंत. पुढे शिकण्याची इच्छा होती, पण ते घडले नाही. तेव्हा इतिहासावर लेख लिहिण्याचा अधिकार मला नाही, हे मी आधीच कबूल करते. परंतु ही भट्टी बांधताना माती मी मळली आहे, विटा मी मोजल्या आहेत, आणि पहिली कमान कोसळली तेव्हा तिच्यापासून चार हातांवर मीच उभी होते. त्यानंतर या कमानीचे मूळ कोठे, ही भट्टी आपल्याकडे आली कशी, हे जाणून घ्यावेसे वाटू लागले. मुलांची पाठ्यपुस्तके चाळली, वाचनालयातून पुस्तके आणली, दोन सहलींत डोळे उघडे ठेवले. त्यातून जे कळले ते आपल्यापुढे ठेवीत आहे.

मंडळाच्या परसात भट्टी असावी हा विचार कोठून आला, हे आपणांपैकी पुष्कळजणींना ठाऊक आहेच. आम्ही लहान असताना दिवाळीच्या आठ दिवस आधी आई मला घेऊन बेकरीत जाई. एका डब्यात मैदा आणि रवा, दुसऱ्यात पिठीसाखर, किटलीत तूप. सामान आपले, मजुरी बेकरीवाल्याची. बाकावर बायका ओळीने बसत, नानखटाई पत्र्यावर थापून देत आणि आपला पत्रा भट्टीत जाण्याची वाट पाहत. त्या ओळीत बसून मी भट्टीचे तोंड पाहत असे. लाल विटांची अर्धगोल कमान, आत लालसर उजेड, आणि लांब दांड्याच्या लाकडी फावड्यावर पत्रे आत सरकविणारा माणूस. पुढे ती बेकरी बंद झाली. पण घरचे सामान घरच्या हातांनी भाजून घेण्याची हौस काही गेली नाही. बचतीच्या बैठकीत विषय निघाला, आणि गेल्या उन्हाळ्यात भट्टी बांधण्याचे ठरले.

आता भट्टी ही काही आपल्याकडील जुनी वस्तू नव्हे. आपल्या भागात भाजण्याच्या रीती वेगळ्या. शेतावर गोवऱ्यांचा जाळ करून निखाऱ्यांत रोडगे भाजणे ही एक, आणि नागपूरकडील पालथ्या मडक्यावर लांब पोळी शेकणे ही दुसरी. विटांच्या बंद भट्टीत पाव भाजण्याची रीत पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात गोव्यात रुजली. 'पाव' हा शब्दही त्यांच्याच भाषेतला, आणि गोव्यात पाववाल्याला आजही 'पोदेर' म्हणतात. नानखटाईची गोष्ट सुरतेकडील सांगतात. तेथील डच लोकांच्या भट्ट्या त्यांच्यामागून पारशी मंडळींनी चालविल्या आणि त्यांतून ही खटाई निघाली असे म्हणतात. मात्र भिंतींची बंद भट्टी आपल्या देशाला अगदीच नवी होती असेही नाही. राजस्थानातील कालीबंगन येथे चार हजार वर्षांहून जुन्या वस्तीत तंदुरासारख्या चुली उकरून निघाल्या आहेत. म्हणजे भट्टी आली, गेली आणि पुन्हा आली, असेच म्हणावे लागेल.

असो. आम्ही विटा आणल्या त्या जवळच्या विटाभट्टीवरून. त्या आपल्याच धानाच्या भुशावर भाजलेल्या होत्या. वीट नऊ इंच लांब, साडेचार इंच रुंद, तीन इंच जाड. मिस्त्रींना दोन दिवसांची मजुरी देणे परवडणारे नव्हते, म्हणून ते एकदा येऊन दाखवून गेले आणि पुढचे आम्ही हाती घेतले. घरची चूल आपण घालतोच, मग भट्टी का जमणार नाही, असा आमचा हिशेब होता. जुन्या खोक्याच्या फळ्यांचा अर्धगोल साचा केला. मिस्त्री त्याला फर्मा म्हणतात, आणि जुन्या मराठीत त्याला कालबूत असे नाव आहे. दोन्ही बाजूंस विटा उभ्या रचून एकेरी भिंती घेतल्या, म्हणजे साडेचार इंच जाडीच्या. त्यांवर फर्मा ठेवून कमान चढविली. चौथ्या दिवशी सर्व जणींसमोर फर्मा काढला. क्षणभर कमान उभी राहिली. मग उजवीकडील भिंत हळूच बाहेर झुकली आणि सगळे खाली आले. कोणाला लागले नाही, ही देवाची कृपा. परंतु त्या संध्याकाळी कोणी कोणाशी फारसे बोलले नाही. बचतीतले पैसे गेले होते, आणि "बायकांनी विटांच्या भानगडीत पडू नये" असे कुंपणापलीकडून कोणी म्हटलेलेही ऐकू आले होते.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आले. त्यांनी पडलेल्या विटा उलटून पाहिल्या आणि म्हणाले, "बाई, तुमची कमान चांगली होती. भिंत पडली नाही, कमानीनं तिला ढकलली." मग त्यांनी आम्हां दोघींना समोरासमोर उभे केले, हाताचे तळवे एकमेकींना टेकवून पुढे झुकायला सांगितले. "आता पाय सरकवा," म्हणाले. पाय मागे सरकताच आम्ही दोघी पडायच्या बेतात आल्या. तेव्हा उमगले. कमान आपले वजन केवळ खाली देत नाही, ती दोन्ही बाजूंना रेटा देते. खालचा पाय घट्ट असेल तर जितके वजन वर येईल तितक्या विटा एकमेकींना अधिक घट्ट धरतात. पाय सरकला की सर्व संपले. आमच्या चुलीला तीन खुरे असतात, वर भांडे टेकते, तेथे हा रेटा नसतो. म्हणून चुलीचा अनुभव भट्टीला पुरला नाही.

ही एवढीशी गोष्ट माणसाला कळायला किती काळ लागला, हे वाचून मी थक्क झाले. सिंधूकाठच्या मोहेंजोदडोतील लोक पक्क्या भाजलेल्या विटा वापरीत. त्यांच्या विटेची जाडी, रुंदी आणि लांबी एकास दोन, दोनास चार अशा ठरीव प्रमाणात असे. तेथील मोठ्या स्नानकुंडाचे पाणी ज्या मोरीतून बाहेर जाई, ती मोरी वरून विटांनीच झाकलेली होती. पण ती आमच्यासारखी कमान नव्हे. प्रत्येक थरातील वीट खालच्या विटेपेक्षा थोडी पुढे सरकवीत न्यावी आणि शेवटी दोन्ही बाजू वर मिळवाव्यात, अशी ती रचना. तिला बाजूचा रेटा फारसा नाही, पण विटा भरपूर लागतात आणि अंतर थोडेच झाकले जाते.

हीच युक्ती आपल्या जवळ पाहायची तर छत्तीसगडातील सिरपूरला जावे. दोन वर्षांपूर्वी आपल्या मंडळाची सहल तेथे गेली होती. महानदीच्या काठचे लक्ष्मण मंदिर सातव्या शतकातील, आणि गाभाऱ्याचे दगडी दार सोडले तर बहुतेक सगळे विटांचे. थर पुढे सरकवीत नेलेले ते शिखर अजून उभे आहे. विटांतच कोरलेल्या खोट्या खिडक्या पाहून आपण सगळ्या किती वेळ उभ्या होतो, ते आठवत असेल. ते मंदिर बांधविले वासटा नावाच्या राणीने, पती हर्षगुप्त याच्या स्मरणार्थ. तिचा मुलगा महाशिवगुप्त बालार्जुन त्या वेळी राज्य करीत होता. आपल्या चंद्रपूरलाही राणी हिराईने पती बीरशहाची समाधी अशीच बांधविली, अठराव्या शतकाच्या आरंभी. बायकांचा आणि बांधकामाचा संबंध नाही असे म्हणणाऱ्यांना ही दोन नावे सांगावीत. कुंपणापलीकडच्यांना मी ती सांगितली आहेत.

खरी कमान, म्हणजे मधल्या विटेने दोन्ही बाजू अडकवून ठेवणारी, ती आपल्या देशात अगदी नव्हतीच असेही नाही. कानपूरजवळील भितरगाव येथे पाचव्या शतकातील विटांचे मंदिर आहे, त्यात अशा कमानी आढळतात. परंतु त्या काळी ही रीत पसरली नाही. पुढे तेराव्या शतकात तुर्की सुलतानांबरोबर जे कारागीर आले त्यांच्या हातून ती मुळावली. दिल्लीच्या मेहरौलीतील बल्बनच्या कबरीची कमान, सुमारे १२८७ सालची, या बाबतीत नेहमी दाखविली जाते. मग किल्ल्यांचे दरवाजे, मशिदी, वाडे, विहिरी, पूल, सर्वत्र कमानी झाल्या. चंद्रपूरच्या परकोटाच्या जटपुरा दरवाजाखालून आपल्यापैकी कितीतरी जणी गेल्या असतील. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या भागात रेल्वे आली. १८८७ साली बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी निघाली, आणि १९०५ पर्यंत गोंदियाहून जबलपूरकडे लहान गाडीही सुरू झाली. त्या काळच्या रेल्वेने लहान नाल्यांवर जागोजागी दगड-विटांच्या कमानी घातल्या. आगगाडीसारखे ओझे डोक्यावर घेऊन उभी राहणारी कमान ती हीच. तिच्या दोन्ही अंगांना मातीचा भराव असतो, तिचे पाय सरकत नाहीत.

हे कळल्यावर आम्ही पुन्हा कामाला लागलो. या वेळी बाजूच्या भिंती एक वीट लांब, म्हणजे नऊ इंच जाड घेतल्या, आणि त्यांच्या बाहेरून दगडमातीचा भराव ठोकून भरला. आतील रुंदी तीस इंच ठेवली. भट्टीच्या तळापासून एक थर वीट उंच घेऊन तेथून कमान सुरू केली, म्हणजे मध्यभागी आतील उंची अठरा इंच झाली. एका कमानीला पंधरा विटा लागल्या. संख्या विषम हवी, कारण मधोमध एक वीट आली पाहिजे, तीच कमानीची चावी. दोन्ही बाजूंनी सात-सात विटा चढवीत आणल्या आणि शेवटी चावीची वीट वरून हलक्या हाताने ठोकून बसविली. एका बाजूने एकदम विटा चढवू नयेत, फर्मा कलंडतो. विटा सरळ असल्याने कमानीच्या आतील अंगास सांधा अगदी बारीक राहतो आणि बाहेरील अंगास जवळपास एक इंचाची फट पडते. त्या फटीत विटेच्या खापऱ्या मातीत बुडवून ठोकाव्या लागतात. हे काम कंटाळवाणे खरे, पण त्यावरच सारे अवलंबून. अशा चार कमानी एकीला एक लावून तीन फूट लांबीची भट्टी झाली. म्हणजे वरच्या पाळीस साठ विटा लागल्या, त्या मी दोनदा मोजल्या.

सांध्याला सिमेंट घातले नाही. भट्टीच्या आत सिमेंट वारंवार तापले की त्यातले पाणी निघून त्याचा भुगा होतो, असे मिस्त्रींनी सांगितले. माती घेतली ती वारुळाची, आपल्या आया चुलीसाठी घेत तीच. नुसती कन्हार जमीन खणून आणली असती तर ती वाळताना भेगाळली असती. म्हणून मातीत वाळू मिसळली, आणि लाडू वळून वाळत ठेवून पाहिले. भेग पडली तर वाळू वाढवायची, लाडू हाताने चुरगळला तर माती वाढवायची. हे शास्त्र कोणत्या पुस्तकात आहे ते मला ठाऊक नाही, पण आमच्या सासूबाईंना ते ठाऊक होते.

भट्टीच्या तळाखाली उष्णता जमिनीत जाऊ नये म्हणून काहीतरी घालावे लागते. येथे आपल्या जिल्ह्याने आपल्याला एक वस्तू फुकट दिली आहे. धानाच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा भुसा निघतो, आणि भुसा जाळला की त्याचा सुमारे पाचवा हिस्सा राख उरते. ही राख बहुतांशी वाळूच्याच द्रव्याची असते. ती जळत नाही, आणि हलकी व पोकळ असल्याने उष्णता अडविते. एका भातगिरणीतून आम्ही अशी राख पोत्यांनी आणली, चार इंच थर दाबून घातला आणि त्यावर विटांची फरशी मांडली. कमानीच्या वरही राख आणि माती यांचा जाड लेप दिला.

या खेपेस फर्मा काढताना कोणी बोलावणे धाडले नाही. पहाटे दोघीच जणी गेलो, पाचरी सैल केल्या, फर्मा दोन बोटे खाली उतरला. कमान जागची हलली नाही. तरी मी कान लावून उभी राहिले. एक वाळलेला मातीचा खडा पडला, त्यानंतर काही नाही. मग आम्ही चहा केला.

आता या लेखाचा दुसरा भाग, जो लिहिताना मला थोडी लाज वाटते. भट्टी आठ दिवस सावलीत वाळू दिली, मग सात दिवस रोज थोडा-थोडा जाळ वाढवीत नेला. ओल्या भट्टीत एकदम मोठा जाळ केला तर पाण्याची वाफ होऊन भेगा पडतात. सातव्या दिवशी पूर्ण जाळ केला, आणि भट्टीच्या तोंडातून धुराचा असा लोट आला की पुढे उभ्या असलेल्या सगळ्या जणी मागे सरल्या. आपल्या मंडळातील सर्वांत वडील बाई पत्रा हातात धरून उभ्या होत्या. त्या खोकू लागल्या, त्यांना धरून ओट्यावर बसवावे लागले. पाच मिनिटांनी त्या हसून म्हणाल्या, "काही नाही ग, सवय आहे."

सवय आहे! हा शब्द मला झोपू देईना. कारण भट्टीला धुराडे नव्हते, आणि ते का नव्हते हे मला ठाऊक होते. पहिली कमान पडल्यावर पैसे कमी पडले. काय कमी करावे यावर बैठक झाली. भिंतीची जाडी कमी करता येईना, विटा कमी करता येईनात. तेव्हा "धुराडे राहू द्या, उघड्यावर तर आहे, धूर जाईल वर," असे ठरले. ते ठरविणाऱ्यांत मीही होते. कोणा पुरुषाने हे आमच्यावर लादले नव्हते. आम्ही बाराजणी बायका, प्रत्येक जण आयुष्यभर धूर खाल्लेली, आणि पैसे कमी पडल्याबरोबर पहिली कात्री आम्ही धुराड्याला लावली.

माझ्या आईची चूल घराच्या आत होती. पावसाळ्यात ओल्या सरपणाचा धूर कौलांपर्यंत भरे. ती फुंकणीने जाळ करी आणि पदराने डोळे पुसे. तिच्या शेवटल्या वर्षांत ती चार पावले चालली की थांबे. डॉक्टरांनी विचारले, "विडी ओढत होत्या का?" आमच्या भागात विड्या वळणाऱ्या बायका पुष्कळ, पण माझ्या आईने कधी विडी तोंडाला लावली नाही. तिने फक्त स्वयंपाक केला.

म्हणून मी शोधू लागले की धुराचा विचार केव्हा कोणी केला. कमानीचे कोडे सुटून शतके लोटली. देवळे झाली, कबरी झाल्या, आगगाडीचे पूल झाले. स्वयंपाकघरातून धूर बाहेर कसा काढावा, हे त्याहून अवघड कोडे खचितच नव्हते. पण ज्यांच्या डोळ्यांत धूर जाई त्यांना बांधकामाविषयी कोणी विचारीत नसे, आणि जे बांधकाम ठरवीत ते जेवायला बसण्यापुरतेच आत येत.

आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट ही की या बाबतीतला एक महत्त्वाचा प्रयत्न आपल्या विदर्भात झाला. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. त्याचे ठाणे वर्धा येथे होते, जमनालाल बजाज यांनी दिलेल्या बागेत. गांधीजींचे सहकारी मगनलाल गांधी १९२८ साली वारले होते. त्यांच्या नावावरून त्या जागेस मगनवाडी म्हणू लागले. अर्थशास्त्रज्ञ जे. सी. कुमारप्पा तेथील कामाचे सूत्रधार. तेलघाणी, हातकागद, मधमाश्या यांच्या जोडीने तेथे चुलीचाही विचार झाला, आणि 'मगन चूल' तयार झाली. ती साध्या मातीची. जाळ एका तोंडाशी करायचा. तो आतल्या बोगद्यातून एकामागून एक भांड्यांखालून जातो आणि उरलेला धूर धुराड्यातून छपराबाहेर पडतो. सरपण एक, भांडी दोन-तीन, आणि डोळे कोरडे. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींनी तेथील मगन संग्रहालय उघडले, ते आजही पाहता येते. आपण वर्ध्याच्या सहलीत तेथे गेलो होतो. त्या वेळी आपले लक्ष खादीकडे अधिक होते, हे मी माझ्यापुरते कबूल करते.

पुढे हैदराबादच्या अभियांत्रिकी प्रयोगशाळेत एस. पी. राजू यांनी धुराड्याची चूल केली आणि १९५३ साली तिच्यावर पुस्तिका काढली. डिसेंबर १९८३ मध्ये भारत सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, तो २००२ पर्यंत चालला. अशा चुली आमच्या लहानपणी गावात आल्याचे मला आठवते. कोणी बांधून देई, काही महिन्यांनी धुराडे काजळीने तुंबे, ते साफ कसे करावे हे कोणी सांगितलेले नसे. मग धूर पुन्हा घरात, आणि चूल मोडून जुनी घातली जाई. मोठमोठ्या भांड्यांना, आपल्या रांधण्याच्या रीतीला ती सोयीची आहे का, हेही पुष्कळ ठिकाणी बायकांना विचारले गेले नव्हते. १ मे २०१६ पासून उज्ज्वला योजनेत गॅसची जोडणी घरोघर पोहोचली, त्याने फार मोठा फरक पडला. तरी सिलिंडर संपला की चूल पेटते, हे आपण सगळ्या जाणतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे २०२० या एका वर्षात घरातील धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख माणसे अकाली गेली. त्या आकड्यात माझ्या आईसारख्या किती असतील!

मी हे सर्व बैठकीत बोलून दाखविले. बोलायची सवय नाही, आवाज कापत होता. परंतु ठराव व्हायला वेळ लागला नाही. धुराडे बांधायचे, आणि पैसे पुरले नाहीत तर यंदाची सहल रद्द करायची. पैसे पुरले नाहीत. सहल रद्द झाली, आणि एकीनेही कुरकुर केली नाही.

धुराडे घालताना आणखी एक चूक उमगली. मोठे पत्रे जावेत म्हणून आम्ही भट्टीचे दार जवळजवळ आतल्या उंचीइतके ठेवले होते. त्यामुळे धूर आणि उष्णता दोन्ही मोकळ्या बाहेर पडत. दाराची उंची आतील उंचीच्या सुमारे ६३ टक्के असावी, असा भट्टी बांधणाऱ्यांचा ठोकताळा आहे. आमची आतील उंची अठरा इंच, म्हणून दार अकरा इंचांचे केले. अशा भट्टीत धुराडे मागे नसते, ते दाराच्या बाहेर पुढील अंगास असते. खालून थंड हवा आत शिरते, वरून धूर बाहेर येतो. हा धूर तोंडावर येण्याआधी अडवावा म्हणून दारापुढे आणखी एक छोटी कमान घातली आणि तिच्या डोक्यावर विटांचे धुराडे उभारले. धूर दारातून निघतो, त्या कमानीखाली येतो आणि वर ओढला जातो. ही दुसरी कमान आम्ही मिस्त्रींना न बोलावता बांधली. ती पडली नाही. धुराड्याची काजळी दर महिन्यास काढायची, आणि पाळीचा तक्ता भिंतीवर लावला आहे. सरकारी चुलींपासून एवढा धडा तरी घ्यावाच.

यामुळे धूर नाहीसा झाला असे मात्र कोणी समजू नये. आपल्या तोंडावरचा धूर गावाच्या हवेत गेला, इतकेच. मुंबईत लाकूड-कोळशाच्या बेकऱ्यांनी स्वच्छ इंधनाकडे वळावे, असा आदेश उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये दिला, तो शहराच्या हवेसाठीच. आपली भट्टी महिन्यातून चार-पाचदाच पेटते आणि वाळलेल्याच लाकडावर पेटते. परंतु हा विचार मनात असू द्यावा. पुढे कधी याहून चांगला उपाय निघाला तर भट्टीच्या प्रेमाने त्याला नाही म्हणू नये.

ज्यांना घरी अशी भट्टी घालायची असेल त्यांच्यासाठी एक शेवटची गोष्ट सांगते. लाकूड जळून निखारे झाले की ते बाहेर ओढावे, ओल्या फडक्याने तळ पुसावा, आणि अर्धा तास दार लावून उष्णता सारखी होऊ द्यावी. मग चिमूटभर कणीक तळावर टाकावी. ती लगेच काळी पडली तर भट्टी फार तापली आहे, थांबावे. सावकाश बदामी झाली तर पत्रे आत सरकवावेत. पहिल्या उष्णतेत पाव, मग नानखटाई, आणि भट्टी निवत आली की दाणे, खोबरे आणि पापड. एका जाळात तीन कामे होतात.

यंदाच्या दिवाळीत परसात पुन्हा ओळ लागली. बाकावर बायका बसल्या, आणि लहान मुली भट्टीच्या तोंडाकडे पाहत उभ्या राहिल्या. मंडळातील त्या वडील बाई या वेळीही पत्रा घेऊन पुढे होत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले नाही. धूर वर चालला होता. त्यांनी वर पाहिले आणि म्हणाल्या, "आधीच बांधायचं होतं न हे."

खरेच. आधीच बांधायचे होते.